दोनदा टॅप करा

थांब, घाबरू नकोस. सार्थक, तुलाच म्हणतोय. मोबाईल बोलायला लागला म्हणून एवढं बावचळायला काय झालं? मांडीखाली दाबून झोपला होतास, आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबली गेली, म्हणून चालू झालीय ती बाई. आंधळ्या माणसांसाठी असते ती सोय. बोट लावशील तिथं काय आहे ते वाचून दाखवते. एकदा बोट लावलं की नुसतं वाचणार. उघडायचं असेल तर दोनदा टॅप करायचं, टिक टिक, लागोपाठ. हां, असं. आता तीच दोन बटणं परत दाबून धर, जाईल. आणि दुसऱ्या कुणाच्या मोबाईलमध्ये ही बाई बोलताना ऐकलीस, तर तिला हात लावायचा नाही. आधी विचारायचं, मोबाईल कुणाचा आहे.

हसा, हसा. महाळुंग्याच्या पुढं ट्रेलर आडवा झालाय म्हणतो ड्रायव्हर, तासभर काही गाडी हलत नाही. इंजिन बंद, लाईट बंद, आणि तुम्ही सेकंड शिफ्ट करून आलेली पोरं झोपत पण नाही. मग ऐका. पण मधे मधे चोंबडेपणा करायचा नाही, आधीच सांगून ठेवतो.

मी भूतबित मानत नाही. बत्तीस वर्षं टूलरूममध्ये काढली, जे मायक्रोमीटरला लागत नाही ते माझ्या लेखी नाही. पण ज्याच्यासोबत हे घडलं तो पोरगा याच बसला होता. तिथं, मागच्या दारापाशी बसायचा. रमीज नाव. त्यानं मला सांगितलं तसं सांगतो, पदरचं काही घालत नाही.

रमीजचा चाचा अन्वर. अन्वर आणि मी एका बॅचचे. लेथवर शेजारी शेजारी उभे राहिलो कित्येक वर्षं. मग काचबिंदूनं त्याचे डोळे गेले. आधी कडेकडेचं दिसेना, मग समोरचं. कंपनीनं घरी नाही बसवलं, टेलिफोनवर घेतलं. पुण्यात एका संस्थेत जाऊन कॉम्प्युटर शिकून आला पठ्ठ्या. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये हीच बाई बसवलेली. स्क्रीनवर जे असेल ते ती वाचणार, आणि वाचायची कसली भरभर, लाह्या फुटल्यासारखी. आम्हाला एक शब्द कळायचा नाही. मी एकदा म्हटलं, "अरे, हिला जरा दमानं बोलायला सांग की." तर म्हणतो, "सोपान, तुला दिसतं ना, म्हणून तुला ऐकू येत नाही." स्क्रीन तर तो काळीच करून ठेवायचा. कशाला उजेड वाया घालवायचा म्हणायचा. त्या काळ्या स्क्रीनपुढं बसून हा गडी मेल पाठवायचा, गेटपास काढायचा, साहेबांची बोलणी पण खायचा.

मोबाईलमध्ये पण तीच बाई, आणि तशीच काळी स्क्रीन. बाई बंद केली तरच ती उजळायची. हिंदीतली नको म्हणाला, ती फार लाडात बोलते, मराठीतली कामाची आहे. आता एक गोष्ट समजून घ्या. तुम्हाला मोबाईल म्हणजे चाळा. त्याला ती बाई म्हणजे डोळे. ती गप्प झाली की हातात राहिली नुसती काच. कुठंही बोट फिरवा, सगळीकडं सारखीच गुळगुळीत.

रमीज त्याच्या भावाचा मुलगा. बाप लहानपणीच गेला, अन्वर आणि त्याची बायको खातूनबी, दोघांनी पोटच्यासारखा वाढवला. त्यांना स्वतःची एक मुलगी, हीना, ती जुन्नरला दिलेली. काळेवाडीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. पोरगा चाचाचं फार करायचा, हे मी डोळ्यांनी बघितलंय. दाढी करून द्यायचा, शुक्रवारी मशिदीत घेऊन जायचा. मोबाईलचं सगळं तोच बघायचा. आता सार्थकचं झालं ना दोन बटणांचं, तसं चाचाच्या खिशात उलटं व्हायचं. चालता चालता बटणं दाबली जायची, बाई गप्प, आणि हा रस्त्याच्या मधोमध उभा. म्हणून रमीजनं ती दोन बटणांची सोयच काढून टाकली. म्हणाला, "चाचा, आता काही झालं तरी आवाज जाणार नाही." भल्यासाठीच केलं होतं.

दोन हजार चोवीसचा एकतीस डिसेंबर. मंगळवार. सोमवती अमावास्या आदल्या दिवशीच होऊन गेली होती, म्हणजे तिथीवर खापर फोडू नका. हीना बाळंत व्हायची होती म्हणून खातूनबी जुन्नरला गेलेली. घरात दोघंच. रमीजला थर्ड शिफ्ट. त्यानं खिचडी केली, चाचाला वाढली, गोळ्या दिल्या, भांडी घासली. तेवढ्यात बसची वेळ झाली. काळेवाडी फाट्यावर बस कुणासाठी थांबत नाही, तुम्हाला माहीत आहे. ड्रायव्हरला फोन करून दोन मिनिटं थांबवावं म्हटलं, तर याच्या मोबाईलचा डिस्प्ले गेलेला, दुकानात टाकलेला. मग घेतला चाचाचा.

आता त्यात नंबर लावायचा म्हणजे एका आकड्याला दोनदा टॅप. दहा आकडे. प्रत्येकाला ती बाई बोलतेय. नऊ. आठ. परत नऊ. दोनदा नंबर चुकला. एरवी जमायचं त्याला, पण घाईत हात चालतात का? डोकं फिरलं पोराचं. सेटिंगमध्ये गेला आणि बाईच बंद करून टाकली. मग फटाफट नंबर लावला, "दोन मिनिटं थांबा भाऊ, आलोच," आणि मोबाईल चाचाच्या उशाला ठेवून बूट घालायला बसला.

अन्वर आडवा झाला होता. म्हणाला, "बाहेरून कुलूप लाव. सकाळी मला उठवू नकोस दार उघडायला." नेहमीचंच होतं ते.

मग म्हणाला, "मोबाईल जाग्यावर ठेवलास का?"

"ठेवला, चाचा."

ठेवला होताच की. खोटं काही बोलला नाही.

बसमध्ये बसल्यावर, चाकणच्या अलीकडं कुठंतरी त्याला आठवलं. बाई चालू करायची राहिली. आणि दोन बटणांची सोय तर त्यानंच काढलेली, म्हणजे चाचाला ती चालू करता येणार नाही. कुणाचा तरी मोबाईल मागून शेजाऱ्याला सांगता आलं असतं. पण मनात आलं, कुलूप आपण लावलंय, किल्ली आपल्या खिशात, शेजारी काय करणार? आणि चाचा झोपलाय. एका रात्रीचा तर प्रश्न आहे. सकाळी करू.

सकाळ झाली. नवीन वर्ष. शिफ्ट सुटली, घरी आला, कुलूप काढलं. अन्वर पलंगावर नव्हता. खाली, भिंतीला टेकून बसलेला. एक हात छातीवर. मांडीत मोबाईल. अंग गार पडलेलं. डॉक्टरनं नंतर सांगितलं, झटका बाराच्या सुमाराला आला असणार, तासाभरात आणलं असतं तर वाचले असते. बाराला काळेवाडीत काय चालू होतं ते सांगायला नको. फटाके, डीजे, सगळी पोरं रस्त्यावर. छातीत कळ आलेला माणूस आतून किती मोठ्यानं ओरडणार?

रमीजनं मांडीतला मोबाईल उचलला. बटण दाबलं. स्क्रीनवर कॅल्क्युलेटर उघडलेला. त्यावर आकडे. सातशे दोन. पुढं परत सातशे दोन. परत सातशे दोन. ओळ भरलेली.

आधी त्याला काही कळेना. मग कळलं. तुम्ही पण बघा, काढा मोबाईल. फोन लावायचे आकडे कसे असतात? एक दोन तीन वर, सात आठ नऊ खाली. आणि कॅल्क्युलेटरला उलटं. सात आठ नऊ वर, एक दोन तीन खाली. अन्वरला वाटलं आपण फोनच्या आकड्यांवर आहोत. इथं कॅल्क्युलेटर आहे, हे सांगणारं कुणी नव्हतं. त्यानं सगळं बरोबर केलं. वरचा डावा, एक. सगळ्यात खाली मधला, शून्य. त्याच्या वरचा, आठ. एकशे आठ. ॲम्ब्युलन्सचा नंबर. बोट बरोबर जागेवर पडत होतं, आणि उमटत होतं सातशे दोन. तो लावत राहिला. पलीकडून कुणी उचलेना, म्हणून परत लावला. किती वेळ लावत होता देव जाणे.

आता जे सांगतो ते रमीजनं माझ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. त्यानं आधी ते आकडे पुसले. मग सेटिंगमध्ये जाऊन बाई चालू केली. चाचाला उचलून पलंगावर निजवलं, मोबाईल उशाला ठेवला. आणि मग बोंब मारून शेजारी गोळा केले.

मातीला मी होतो. दुपारी जुन्नरहून खातूनबी आली तेव्हा पण होतो. तिनं मोबाईल हातात घेतला तशी बाई बोलली. खातूनबी आमच्याकडं बघून म्हणाली, "आवाज चालू होता, सोपानभाऊ. मोबाईल हाताशी होता. तरी कुणाला फोन नाही केला. म्हणजे झोपेतच गेला तो. त्याला काही त्रास नाही झाला." मग रमीजकडं वळली. "नाही का रे?"

रमीज म्हणाला, "हां, चाची."

तेवढ्या एका गोष्टीवर खातूनबी उभी राहिली. येईल त्याला तेच सांगायची, त्रास नाही झाला म्हणून. आणि ती सांगायला लागली की हा पोरगा उठून बाहेर जायचा. लोक म्हणायचे, काय जीव होता बघा चाचावर. जीव होताच. कोण नाही म्हणतंय?

चाळिसावा झाला. पाहुणे गेले. त्या रात्री सुरू झालं.

मोबाईल खातूनबी उशाशी ठेवायची, आठवणीनं चार्ज करायची. रमीज बाहेरच्या खोलीत झोपलेला. आतून बाई बोलली.

"घड्याळ."

मग काहीच नाही. मग, "कॅलेंडर." परत शांत. मग, "कॅमेरा."

त्याला वाटलं, चाचीचा हात लागला असेल झोपेत. उठून दारातून बघितलं. खातूनबी जागी होती. दोन्ही हात पोटावर, मोबाईलकडं बघतेय. मोबाईल उशाशी एकटाच पडलेला. स्क्रीन काळी.

"कॅलेंडर," बाई म्हणाली. "घड्याळ."

अन्वर असताना ती थांबायचीच नाही, इतकं झरझर बोट फिरायचं त्याचं. आता एक शब्द बोलली की थांबायची. मग दुसरा. अंधारात आपण भिंतीवर बटण चाचपडतो ना, तसं.

रमीज म्हणाला, "चाची, बंद करू का?"

"नको," खातूनबी म्हणाली. "बोलू दे. घरात आवाज असला की बरं वाटतं."

दुसऱ्या दिवशी हा मोबाईल घेऊन दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, टच बिघडलाय, आपोआप दाबल्यासारखं होतं. आमच्यात याला घोस्ट टच म्हणतात. खरंच म्हणतात तसं, विचारा कुणालाही. नवीन काच बसवून घेतली. दोन रात्री गप्प. तिसऱ्या रात्री परत, "घड्याळ."

रोज नाही व्हायचं. पण व्हायचं तेव्हा मागच्या वेळेपेक्षा पुढं जायचं. एका रात्री, "फोन." तिथं थांबलं. दुसऱ्या रात्री, "फोन," आणि मग टिक टिक, "कीपॅड." रमीज बाहेरच्या खोलीत उशी कानावर दाबून पडायचा. काय शोधतोय ते फक्त त्यालाच माहीत होतं.

याच दिवसांत त्यानं मला सांगितलं, बसमध्ये. बोलताना हाताची नखं कुरतडत होता. मी म्हटलं, "चाचीला सांगून टाक. मारेल, शिव्या देईल, घराबाहेर काढेल. पण सांग." तो म्हणाला, "तात्या, तिच्याजवळ तेवढं एकच आहे. त्रास नाही झाला, एवढंच. ते पण काढून घेऊ?" मला राग आला. म्हटलं, तिचं काढून घ्यायला घाबरतोस की स्वतःचं?

मग रमजान आला. एका पहाटे सहरीला खातूनबी भाकरी थापता थापता सहज म्हणाली, "रात्री त्यानं एक लावला. मग शून्य लावला. मग थांबला." आणि हसली जराशी. "कुणाला फोन लावतोय रे तो? आता एखादा आकडा आला की कळेल."

रमीज ताट सरकवून उठला.

तो शनिवार होता. एकोणतीस मार्च, फाल्गुनातली अमावास्या. दुसऱ्या दिवशी पाडवा, त्याच्या दुसऱ्या दिवशी ईद. तिथीला दोष देऊ नका म्हणालो मघाशी, पण ही अमावास्याच होती, त्याला मी काय करू? दिवसभर खातूनबीनं मोबाईल पदराआड ठेवला, खाली ठेवलाच नाही. रमीजनं ठरवलं, ती झोपली की बाई बंद करून टाकायची. कायमची. सकाळी सांगू, मोबाईल बिघडला म्हणून.

रात्री खातूनबी झोपली. त्यानं उशाजवळून मोबाईल काढला. बाहेरच्या खोलीत आला. जमिनीवर बसला. दिवा नाही लावला. खालच्या पानटपरीचं शटर कधीच पडलेलं. रस्ता शांत.

मोबाईल मांडीत घेतला. काळ्या काचेवर बोट ठेवलं.

"सेटिंग," बाई म्हणाली.

त्यानं टॅप करायला बोट उचललं. तेवढ्यात,

"फोन."

त्याचं बोट हवेत होतं.

परत ठेवलं. "सेटिंग."

"फोन."

"सेटिंग."

"फोन. … कीपॅड."

एकाच काचेवर दोन बोटं. एक याचं. एक… त्यानं दोनदा टॅप केलं, आत गेला. घामानं बोट घसरत होतं. खाली सरकवतोय, खाली, खाली…

"एक," बाई म्हणाली.

तो खाली सरकवतोय.

"शून्य."

आतल्या खोलीत पलंग करकरला. खातूनबी कूस बदलत होती. याला रडू फुटायला आलं. आणि तेवढ्यात बोट त्या जागेवर पडलं.

"स्क्रीन वाचक. चालू. स्विच. बंद करण्यासाठी दोनदा टॅप करा."

टिक टिक.

बाई गप्प झाली.

…

त्यानं श्वास सोडला. वर पंखा फिरत होता. आत खातूनबी घोरत होती, हळू. झालं, संपलं, असं वाटलं त्याला. मोबाईल जमिनीवर उपडा ठेवला. भिंतीला टेकला.

मग लक्षात आलं, आपण कुठं बसलोय. अन्वर सापडला होता तीच भिंत.

उठायला गेला.

कपाळाला काहीतरी लागलं.

थंड. बोटाचं टोक.

तो हलला नाही. बोट हललं. भुवईवरून खाली. पापणी. थांबलं. नाकाच्या कडेनं. ओठ. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सावकाश. हनुवटी. काहीतरी शोधत होतं. डोळे मिटून घेतलेले त्यानं… उघडायची छाती झाली नाही.

बोट परत वर आलं. कपाळाच्या मधोमध. थांबलं.

आणि तो मोबाईल, आवाज बंद केलेला, जमिनीवर उपडा पडलेला… बोलला.

"रमीज."

…

"चालू."

…

"स्विच."

त्याला पुढचं माहीत होतं. आताच ऐकलं होतं. ओरडायचं होतं, पण…

"बंद करण्यासाठी दोनदा टॅप करा."

कपाळावरचं बोट उचललं गेलं.

टिक.

…

…

दुसरं आलं नाही.

तो बसून राहिला. दुसऱ्याची वाट बघत. आता येईल. आता. सहरीला खातूनबी उठली, दिवा लावला, तर हा भिंतीला टेकून, डोळे गच्च मिटलेले, कपडे घामानं चिंब. तिनं आधी मोबाईल उचलला. बोट लावलं. बाई बोलली नाही. म्हणाली, "आज गप्प का हा?" मग याच्याकडं बघितलं.

सार्थक, काय विचारायचंय ते मला माहीत आहे. नाही. सांगितलेलं नाही त्यानं चाचीला. म्हणतो, "दोनदा सांगायला बसलो, तात्या. तोंड उघडलं की कपाळाला इथं गार लागतं." आता ते सांग म्हणून आहे की सांगू नको म्हणून, त्याला कळत नाही. मला पण कळत नाही.

शेजारच्या मुलीनं खातूनबीला बाई परत चालू करून दिली. बोट लावलं की बोलते, चांगली बोलते. पण रात्री आपली आपण एकदाही बोलली नाही. खातूनबीला वाईट वाटतं त्याचं. मला म्हणाली, "माझ्यावर रुसला बहुतेक, सोपानभाऊ. शोधायचाच थांबला." रमीज तिथंच बसला होता. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं नाही. थांबला नाही तो. सापडलं त्याला.

रमीजनं कंपनी सोडली. मोबाईल वापरत नाही. टोपी घालतो, भुवयांपर्यंत ओढून. गेल्या मे महिन्यात काळेवाडी फाट्यावर भेटला, मी म्हटलं, काढ टोपी, बघू दे. दुपारची वेळ, सगळं तोंड घामानं निथळत होतं. कपाळाच्या मधोमध बोटाच्या टोकाएवढी जागा कोरडी ठणठणीत. मी हात लावला. गार. चष्म्याच्या घरात माझं टूलरूमचं भिंग असतं, ते लावून बघितलं. कातडीवर रेषा आहेत, गोल गोल, बोटाला असतात तशा. मी त्याला उन्हाकडं वळवलं आणि सगळा चेहरा भिंगाखालून घातला. कानापर्यंत, मानेपर्यंत. त्याला माहीत होतं मी काय शोधतोय. तसा ठसा दुसरा कुठं नव्हता. अजून तरी एकच आहे.